बिक्वीथचा सातबारा

आमच्या साहेबांकडे मृत्युपत्र करायला आलेला माणूस पहिल्या फेरीत कधीच मृत्युपत्र करून गेला नाही. तो बिचारा पूर्ण तयारीनं यायचा. सातबारा, घरटॅक्सची पावती, आधार कार्ड, सोबत सही करायला दोन साक्षीदार. साहेब ते सगळे कागद हातानं बाजूला सारायचे आणि विचारायचे, "ज्याले देऊन राह्यले, त्याले सांगतलं काय?"

माणूस गडबडायचा. "नाही साहेब. सांगतलं तं बाकीचे जगू देतीन काय? म्हनून तं तुमच्याकडं आलो."

"मंग जा. त्याले सांगा, बाकीच्यायले सांगा, अन् सगळ्यायले घेऊन इथं या. आधी बोला, मंग लिहू."

वाशीमच्या कोर्टातले बाकीचे वकील नेमकं उलटं सांगत. मृत्युपत्राचा घरात कुणाला सुगावा लागू देऊ नका, कपाटात ठेवा, चावी कमरेला ठेवा. आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही, कारण साहेबांच्या ऑफिसातून आठवड्यातून एकदा तरी आरडाओरडा ऐकू यायचा. बार रूममध्ये साहेबांना नाव पडलं होतं, 'बोलवते धनी'. कुणी तोंडावर म्हटलं तरी साहेब खूश व्हायचे. "बरोबर हाय," म्हणायचे. "धनी नाही, पन बोलवतो मातर."

मी मेडशीची. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि सनद मिळाल्यावर कुणाकडं कामाला लागावं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. मी जिना दिसला तो चढले. वर एका मोठ्या टेबलामागं एक उंच, वाळके गृहस्थ उभे राहून दावा वाचत होते, मोठ्यानं, येरझारा घालत, जसं काही समोर न्यायाधीश बसले आहेत. मला पाहून थांबले नाहीत. परिच्छेद संपला तेव्हा टेबलाला हात टेकून म्हणाले, "हे 'सदरहू' कोन हाय? साऱ्या दाव्यात फिरून राह्यला. तुमच्या ओळखीचा हाय काय?"

मी म्हटलं, नाही.

"मंग काढा त्याले बाहेर." आणि लाल पेन माझ्या हातात दिलं. माझी नेमणूक झाली ती अशी.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला. "बेटा, बिक्वीथ म्हंजे काय?"

"मृत्युपत्रानं देणे."

"हा मतलब झाला. सातबारा सांग."

साहेबांच्या मते प्रत्येक शब्दाचा सातबारा असतो. मूळ मालक कोण, मग कुणाच्या नावावर फेरफार झाला, सध्या कब्जात कोण आहे, हे पाहिल्याशिवाय शब्द वापरणं म्हणजे मोजणी न करता बांधावर विहीर खोदणं. त्यांच्या टेबलावर कायद्याच्या पुस्तकांच्याही पुढं एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, शब्दांची कुळं सांगणारा. पोथी ठेवतात तशा घडीच्या लाकडी स्टँडवर तो कायम उघडा असायचा. पाठीचा कणा निघालेला, त्यावर साडीच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला.

"पाहा," ते बोट ठेवून म्हणाले. "जुन्या इंग्रजीत 'क्वेथन' म्हंजे बोलनं. त्याले पुढं 'बी' लागला अन् बिक्वीथ झालं. म्हंजे एखाद्या वस्तूबद्दल बोलनं, तोंडानं सांगनं. जुन्या पुस्तकात 'म्हणाला' या अर्थानं 'क्वोथ' येते ना, तो याचा सख्खा. तवाचा इंग्रज म्हातारा झाला की लोकं बसवे अन् सांगे, हे याले, ते त्याले. कागद असलाच तं त्या बोलन्याची आठवन म्हनून. म्हंजे मूळ मालक कोन?"

"बोलणं."

"अन् देनं?"

मी वाकून शब्दकोशात पाहू लागले.

"देनं मागून आलेला कब्जेदार हाय, बेटा. आता सारं वावर त्याच्याच नावावर दिसते. मूळ मालकाचं नाव कोनाले आठवत नाही."

इंग्रजी मृत्युपत्रात बिक्वीथच्या शेजारी आणखी एक शब्द असतो, 'डिव्हाइज'. तिकडचे वकील पूर्वी जमीनजुमल्याला डिव्हाइज वापरत आणि हलत्या वस्तूंना बिक्वीथ. डिव्हाइजचा सातबारा साहेब एका वाक्यात सांगत. "हा डिव्हाइडचा भाऊ. हा वाटते, तो बोलते. अन् लोकायले फक्त हा पाह्यजे."

एकदा त्यांना वाटलं की 'क्वेथन' आणि आपलं 'कथन' एकच. आठ-दहा दिवस साहेब हवेत होते. चहावाल्याला सांगितलं, कोर्टाच्या नाझराला सांगितलं, सरकारी वकिलांना जिन्यात अडवून सांगितलं. मग कुठल्याशा कॉलेजातल्या संस्कृतच्या प्राध्यापकांना फोन केला. ते म्हणाले, दोघांचा काही संबंध नाही, नुसता आवाज सारखा. फोन ठेवून साहेबांनी शब्दकोशातलं ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग उठले, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या प्रत्येकाला गाठून म्हणाले, "ते नातं खोटं निंघालं. माहं म्हननं मी मागं घेतो." चहावाला म्हणाला, "कोनतं नातं साहेब?" तर त्याला आधी सगळं पुन्हा समजावलं आणि मग मागं घेतलं. 'ऑर्फन' आणि 'अर्भक' मात्र खरोखर एकाच मुळातले निघाले. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना पेढे मिळाले.

कोर्टात ते अस्सल वऱ्हाडीत बोलत. न्यायाधीश पुण्याचे असोत की कोल्हापूरचे, साहेबांच्या बोलीत फरक पडत नसे. एकदा वारसाहक्काच्या एका प्रकरणात ते एका शब्दावर असे रमले की न्यायाधीशांनी घड्याळाकडं पाहून म्हटलं, "वकीलसाहेब, मुद्द्यावर या." साहेब म्हणाले, "हुजूर, मुद्दा त्या शब्दाच्या पोटात हाय. थोडा दम धरा, बाहेर काढून राह्यलो." न्यायाधीश हसले आणि दम धरला. जैन घरातले असल्यानं सूर्य मावळायच्या आत जेवायचे, त्यामुळं हिवाळ्यात त्यांचा युक्तिवाद दुपारनंतर भलताच आटोपशीर होई. विरुद्ध बाजूचे वकील मुद्दाम लांबण लावत, साहेबांना भूक लागेल म्हणून.

मेडशीच्या एका म्हातारीला मीच त्यांच्याकडं नेलं होतं. आमच्या शेजारची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन सुना, आणि गळ्यात सोन्याची एक पोत. थोरल्या सुनेशी तिचं रोज वाजायचं. आमच्या गल्लीत घड्याळाची गरज नव्हती, म्हातारीचा आवाज चढला की सकाळ झाली समजायचं. आणि ही म्हातारी साहेबांपुढं बसून सांगते काय, तर पोत थोरलीलाच द्यायची.

मी बघतच राहिले. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "थोरलीले सांगतलं काय?"

"तिच्या तोंडावर?" म्हातारी उसळली. "डोक्शावर बसन ते. मी मेल्यावर समजू द्या तिले."

"समजन ना. लय रडन तुमच्यासाठी. पन ते रडनं तुमाले ऐकू येईन काय?"

म्हातारी उठली. पिशवी उचलून निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या आठवड्यात ती थोरल्या सुनेला घेऊन आली. सुनेला कशासाठी आणलंय याचा पत्ता नव्हता. सासूनं दवाखान्यात जायचं म्हणून सांगितलं होतं. म्हातारी खुर्चीवर बसली ती भिंतीकडं तोंड करून. आणि भिंतीलाच सांगितल्यासारखी बोलली, "हे पोत तुही. धाकटीची नाही, पोरीची नाही. तुही. पन भाकर तू जाडी करते. किती खेपा सांगतलं, पातळ कर, ऐकत नाही."

सून दाराजवळ उभी होती. तिचा चेहरा मला आजही दिसतो. पोतीचं तिनं काही म्हटलंच नाही. म्हणाली, "जाडी भाकर आतून मऊ राह्यते, आत्याबाई. पातळ कडक होते. तुमच्या तोंडात दात कुठी हायेत?"

म्हातारी हळूहळू भिंतीकडून वळली. तिनं सुनेकडं पाहिलं, मग हात मानेमागं नेऊन पोत काढायला लागली. तिला ती निघेना. सुनेनंच येऊन काढून दिली, आणि म्हातारीनं ती तिथल्या तिथं तिच्या गळ्यात घातली. मग साहेबांना म्हणाली, "आता कायले लिहिता?"

"आता काहीच लिहाचं नाही," साहेब म्हणाले. "काम झालं."

दोघी भांडत भांडत जिना उतरल्या, बस चुकली कुणामुळं यावरून.

प्रत्येक वेळी असं गोड झालं असं मात्र नाही. एका निवृत्त मास्तरांनी राहतं घर धाकट्या मुलाला द्यायचं ठरवलं होतं. साहेबांच्या हट्टानं त्यांनी ते थोरल्यासमोर बोलून दाखवलं. थोरला शांतपणे ऐकून घेऊन उठला, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर तो बापाच्या दारात आला नाही. मास्तर वारले तेव्हाही आला नाही. साहेब अंत्ययात्रेला गेले होते. परत आल्यावर ते येरझारा घालायचे थांबले होते. खुर्चीत बसून होते. मी म्हटलं, "साहेब, कागद केला असता तरी हेच झालं असतं."

"झालं असतं," ते म्हणाले. "पन मास्तरले पाहा लागलं नसतं. ते मी दाखवलं त्यायले."

त्यानंतर महिनाभर त्यांनी एकही मृत्युपत्र घेतलं नाही. लोक यायचे, साहेब त्यांना दुसऱ्या वकिलाचा पत्ता द्यायचे. मग एक दिवस पुन्हा सुरू झाले, काही न सांगता. फक्त एक बदल झाला. आधी ते फक्त 'काय देता' ते बोलायला लावत. आता 'कायले देता' तेही विचारू लागले. "मास्तरनं घर सांगतलं, कारन नाही सांगतलं," ते म्हणाले. "माहीबी चूक तेच झाली. काय देल्लं ते कागद सांगते. कायले देल्लं, ते माणसानंच सांगा लागते."

हे खूळ त्यांना कुठून लागलं, ते मला एका सुट्टीच्या दिवशी कळलं. कोर्ट बंद होतं, आम्ही जुन्या फायली झटकत होतो. साहेब मूळचे रिसोडचे. तिथं त्यांच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. साहेब नागपूरला कायदा शिकत असताना वडील गेले. घरच्या वकिलानं मृत्युपत्र वाचून दाखवलं, जुन्या पद्धतीचं इंग्रजी: आय गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीथ. दुकान धाकट्या भावाला. साहेबांना वाशीमचा एक प्लॉट.

"मले दुकान नोको होतं," साहेब धूळ पुसता पुसता म्हणाले. "देल्लं असतं तरी मी धाकट्यालेच सांगतलं असतं, तूच चालव. पन बाबा एका शब्दानं बोलले नाही. मी सुट्टीत घरी जाओ, संगं जेवो, अन् तो कागद आधीच लिहून झाला होता. मी नागपूरले परत गेलो अन् लायब्ररीत तो शब्द पाह्यला. बिक्वीथ. बोलनं." ते थोडे हसले. "शब्दकोश म्हने, बाबानं सांगतलं. मी म्हनो, नाही सांगतलं. आमचं दोघायचं तवापासून भांडन हाय."

भावाशी ते भांडले नाहीत, कोर्टातही गेले नाहीत. फक्त रिसोडला जाणं सोडलं. तिकडच्या कोर्टातलं काम आलं तरी घेत नसत. कारण कुणी विचारलं तर म्हणत, रस्ता खराब आहे. रस्ता डांबरी झाला तरी तेच म्हणत.

मग एका दुपारी एक बाई ऑफिसात आल्या. चाळिशीच्या असतील, हातात पिशवी, आवाजात दुकानदारी मोकळेपणा. मला म्हणाल्या, "मोठे बाबा हायेत काय?" मला कळेना त्या कुणाला विचारताहेत. पण टेबलामागं साहेबांचं वाचणं मधल्याच शब्दावर थांबलं. बाईंच्या मागून एक म्हातारे गृहस्थ जिना चढून दारात येऊन उभे राहिले होते. तीच उंची, तेच लांब नाक. मला कुणी ओळख करून द्यायची गरज उरली नाही.

"बसा," साहेब म्हणाले. कोणत्याही पक्षकाराला म्हणत तसं.

धाकटे भाऊ बसले. मी पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मले मृत्युपत्र करायचं हाय."

"रिसोडात वकील नाहीत काय?"

"हायेत. ते लिहून देतात. तू बोलवून घेतो म्हनते लोकं."

साहेबांनी पॅड पुढं ओढलं. "काय द्यायचं?"

"दुकान."

"कोनाले?"

"हिले."

बाई चमकल्या. "बाबा! तुमी तं म्हने नुसतं भेटाले चाललो."

"भेटलो ना," धाकटे म्हणाले.

"पोराले सांगतलं काय?" साहेबांनी विचारलं. भावाला अकोल्यात नोकरी करणारा मुलगा आहे, हे त्यांना ठाऊक होतं तर.

"काल फोनवर सांगतलं. चिडला."

"अजून चिडन."

"चिडू दे. जित्ता हावो तं मले तो चिडलेला दिसन तरी."

साहेबांनी मान हलवली. वाक्य त्यांना आवडलं होतं, पण दाखवायचं नव्हतं. "आता कारन सांगा. कायले देता? कागदावर नाही घेत मी ते. पन इथं बोला, हिच्या समोर."

भावाला ते अजूनही 'तुमी'च म्हणत होते. धाकट्यांनी मुलीकडं पाहिलं. "हिले दुकान कळते. गिऱ्हाईक पायरी चढलं की ही सांगते, लग्नघरचं हाय की वास्तूचं. रुखवताले काय लागन ते त्यायच्या आधी हीच काढून ठेवते. पोराले यातलं काही नाही येत, अन् त्याले नोकोही हाय. हिले येते म्हनून हिले देऊन राह्यलो." मग थांबले, आणि खाली पाहून म्हणाले, "मले बाबानं देल्लं, तसं नाही."

साहेबांचं पेन थांबलं. "तसं म्हंजे कसं?"

"कीव करून."

"बाबा तुह्याशी बोलले होते?" साहेबांच्या तोंडून 'तू' निघालं ते तेव्हा.

"तुह्याशी नाही बोलले?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. धाकटे आश्चर्यानं पाहत राहिले, मग सांगू लागले. बाबा आजारी पडायच्या आधीचं. दोघं दुकान बंद करत होते. बाबा म्हणाले, थोरल्याले कुठंबी सोडा, तो जगते. त्याच्या गळ्यात हे दुकान बांधलं तं त्याचं शिक्षन वाया जाईन, बाप म्हनून मले ते नाही पाह्यवत. अन् तुले हे सोडून काही येत नाही. म्हनून तुह्या नावानं केलं.

"मले कोनी सांगतलं नाही," साहेब म्हणाले.

"मले वाटलं, तुले आधी सांगतलं असन. लाडका तू होता."

"मी?"

"तं कोन? गिऱ्हाईक भाव करे तं बाबा म्हनत, पोरगा वकील होऊन राह्यला, एक पैसा कमी नाही होत. त्याचा अन् भांड्याच्या भावाचा काय संबंध? पन म्हनत."

"अन् तू? तू काहून नाही सांगतलं?"

धाकट्यांनी पाण्याचा रिकामा पेला हातात फिरवला. "काय सांगू दादा? मले काही येत नाही म्हनून मले भेटलं, हे मोठ्या भावापुढं कोन्या तोंडानं सांगू? तू येनं सोडलं. मले वाटलं, दुकानासाठी रुसला. मी म्हतलं, रुसू दे. तेच बरं. तुले खरं कारन समजलं तं तू हसला असता."

बाईंनी वडिलांच्या हातातून पेला काढून टेबलावर ठेवला. "तुमाले काही येत नाही म्हनता, बाबा? मंग मले कोनं शिकवलं?"

धाकट्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग उगाचच चष्मा पुसला. साहेब उठून खिडकीशी गेले होते. पाठमोरेच म्हणाले, "बाबा कसे म्हनले, पुन्हा सांग. तुह्या शब्दात नोको, ते जसे म्हनले तसं."

आणि धाकट्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज वेगळा होता, जड, थोडा दम लागलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. तो कुणाचा आवाज होता हे मला कधी कळणार नव्हतं, पण खिडकीशी उभ्या माणसाला कळत होतं. 'तो जगते' या शब्दांपाशी साहेबांनी खिडकीचा गज धरला. सांगून झालं तरी ते वळले नाहीत.

मृत्युपत्र त्या दिवशी झालंच नाही. ते नंतर झालं. तेव्हा पुतण्याही आला, रुसला, जेवला आणि गेला. त्या दिवशी मात्र साहेबांनी मला मजकूर सांगायला तोंड उघडलं आणि पॅड बाजूला सारलं. म्हणाले, "बेटा, राहू दे. यायले बसवर सोडून येतो."

मीही सोबत गेले. पिशवी साहेबांनी उचलली होती. स्टँडवर रिसोडची बस लागलेलीच होती. बाई आधी चढल्या, त्यांनी वडिलांना आत घेतलं. साहेब खाली उभे राहून खिडकीतून बोलत होते, आईच्या कुठल्याशा जुन्या आजाराबद्दल, कुणा चुलत बहिणीच्या लग्नाबद्दल. ड्रायव्हर येऊन बसला, इंजिन सुरू झालं, बोलणं ऐकू येईना. साहेब ओरडून बोलू लागले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, चढता का राह्यता?" साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि चढले.

"साहेब!" मी खालून हाक मारली. "उद्या युक्तिवाद आहे आपला!"

बस हलली होती. साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तू बोल," ते म्हणाले, आणि डोकं आत घेऊन भावाकडं वळले. बस फाटकातून बाहेर पडेपर्यंत मागच्या काचेतून मला त्या दोघांची पांढरी डोकी दिसत होती. दोघंही एकाच वेळी बोलत होते.